टिंबटिंब म्हणे

माझ्या गाण्याखाली पहिला शेरा आला तो असा: "बंधू, शेवटच्या ओळीत फॉन्ट तुटला आहे. नीट करून पुन्हा टाका."

मी बंधूही नव्हते आणि फॉन्टही तुटला नव्हता. ती टिंबं मी मुद्दाम दिली होती. पण हे त्या भल्या माणसाला कसं पटवायचं, आणि तेही बीडच्या बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत बसून? शेजारच्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं बंदुकीचा खेळ खेळत "मार बे, मागून मार" म्हणून बोंबलत असायची. मी दोन बोटांनी टाइप करणारी प्राथमिक शाळेतली बाई. एक ओळ होईपर्यंत कॅफेवाला दोनदा मान उंच करून बघायचा. मी राग गिळला आणि उठले. राग गिळणं मला फारसं जमत नाही, हे आमच्या घरात कुणालाही विचारा.

टिंबांची गोष्ट सांगते. आमच्या चर्चमधल्या आम्ही बायका गुरुवारी संध्याकाळी कुणा आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जायचो. टाळ, ढोलकी आणि भजन. चाली सगळ्या आपल्याकडच्याच, नाव येशूचं. भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ही रीत सगळ्या मुलखाला माहीत आहे. आमच्यात मात्र वेगळंच वळण पडलं होतं, कुणी पाडलं कुणास ठाऊक. त्या जागी आम्ही रचणाऱ्याचं नाव घेत नसू, ज्याच्या घरी बसलोय त्या आजाऱ्याचं घेत असू. खाटेवर पडलेली म्हातारी स्वतःचं नाव भजनात ऐकायची आणि तोंडाला पदर लावायची. पुढच्या गुरुवारी तेच भजन दुसऱ्या घरी, दुसऱ्या नावानं. त्यामुळे गाणं रचताना ती जागा मोकळीच सोडायची असते, हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं.

पुण्याच्या माझ्या धाकट्या बहिणीनं मला ईमेल काढून दिला आणि मराठी ख्रिस्ती माणसांच्या एका इंटरनेटवरच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. तिथं कुणी कविता टाकायचं, कुणी आपल्या विश्वासाची साक्ष लिहायचं, कुणी नुसतंच भांडायचं. मी माझी भजनं टाकू लागले. शेवटच्या कडव्यात नावाच्या जागी टिंबं. ज्याला म्हणायचंय त्यानं आपल्या माणसाचं नाव भरावं, इतका साधा हिशेब. तर लोकांनी त्याचं "टिंबटिंब म्हणे" करून टाकलं. "टिंबटिंबांचं नवीन काही आलं का?" असं विचारायला लागले. मला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याची चटक लागू नये म्हणून मी दोन-दोन आठवडे कॅफेकडे फिरकत नसे.

कट्टा चालवणारे गृहस्थ मोठे व्यवस्थित. त्यांनी निरोप पाठवला: नाव द्या, फोटो द्या, चार ओळींत परिचय द्या, आणि गाण्यातलं 'कावून' काढून 'का रे' करा, म्हणजे सगळ्यांना कळेल. मी उलट लिहिलं की नाव देणार नाही आणि कावून काढणार नाही. तेव्हापासून माझ्या गाण्यांखाली 'कवी: अज्ञात' असं येऊ लागलं. अज्ञात म्हटलं की मला वाटतं माणूस मेलेला आहे. पण म्हटलं, असू दे. देवासाठी करायचं ते गाजावाजा न करता करावं, हे लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि मला ते मनापासून पटलेलंही होतं.

माझ्या नवऱ्याला ते वेगळ्या कारणानं पटलेलं होतं. तो म्हणायचा, "गानी लिही, पन गावात बोभाटा नको." त्या दिवसांत दवाखान्यात आमच्यातलं कुणी डोळे मिटून उभं दिसलं की "बाटवायला आले" अशी कुजबुज सुरू व्हायची. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. शाळेत मी नुसती 'बाई' होते, आडनाव इथल्या दहा घरांत सापडेल असं. माझं पाळण्यातलं नाव मात्र ऐकताक्षणी मी कोण ते सांगतं. ते शाळेत कुणी उच्चारत नसे आणि मीही कुणाला आठवण करून देत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी कॅफेत गेले. ईमेल उघडला तर एका अनोळखी पत्त्यावरून पत्र आलेलं. विषयाच्या जागी एकच शब्द: "बीड?"

कट्ट्यावर मी गावाचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, जसं काही पत्र पाठवणारा माझ्या खुर्चीमागंच उभा आहे.

पत्र इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होतं, एकेक शब्द लावून वाचावा लागत होता. "तुम्ही भाऊ की बहीण ठाऊक नाही. तुमच्या गाण्यात कावून आहे. दुसऱ्या एका गाण्यात बिंदुसरा नदीचं पाणी धरणावरून सांडतं. म्हणजे तुम्ही आमच्याच भागातले. मी चौसाळ्याची. कुवेतला नर्स आहे. माझा भाऊ..." आणि लाईट गेली.

भारनियमनाची वेळ कुणीतरी बदलली होती आणि नेहमीप्रमाणे कुणाला सांगितलं नव्हतं. बॅटरी पिक् पिक् करायला लागली, कॅफेवाला "बंद करा, सगळे बंद करा" म्हणून धावला आणि माझ्यासमोरचा पडदा काळा झाला. मी विचारलं, कधी येईल? तो म्हणाला, "आली तर येईल बाई." मी बाहेर पायरीवर बसले. ऊन चांगलंच तापलेलं. कुणाचा तरी भाऊ. मेला असेल, पळून गेला असेल, की तो माझ्यावर चिडलेला असेल? एखाद्या अनोळखी माणसाचं अर्धं वाक्य घेऊन बसणं इतकं जड असेल असं मला वाटलं नव्हतं. घरी जावं म्हणून दोनदा उठले आणि दोनदा परत बसले.

लाईट आली तेव्हा मी पोरांच्या आधी आत घुसले. उरलेलं पत्र असं होतं. भाऊ ट्रक ड्रायव्हर. शुगर होती, अंगठ्याला जखम झाली, गाडीवर असताना दुर्लक्ष केलं. आता तो बीडच्या सरकारी दवाखान्यात होता आणि पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखालून पाय काढला तर वाचेल, असं डॉक्टर म्हणत होते. तो सहीच देत नव्हता. बायकोनं बूथवरून कुवेतला फोन केला होता. "मी नर्स आहे," बहिणीनं लिहिलं होतं, "यात किती वेळ हातात असतो ते मला माहीत आहे. फार नसतो. चर्चचे पाळकसाहेब भेटायला गेले तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. चर्च त्यानं कधीच सोडलंय. पण मागे मी फोनवर तुमचं कडीचं गाणं त्याला म्हणून दाखवलं होतं, तेव्हा त्यानं फोन ठेवला नाही. हे कुणी रचलं, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. तुम्ही जवळ असाल तर जाल का? रचणारं माणूस समोर आलं तर तो ऐकेल असं वाटतं." खाली वॉर्ड आणि भावाचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्या कुनाला धाड," तो म्हणाला. "गानं काय, कुनीबी म्हनंल."

"त्याला रचणारी पाहिजे."

"आन् तू भर वार्डात गाशील? शाळेतलं कुनी आसलं तर? नाव कळलं तर?"

"मग काय करू? तो मेला की कट्ट्यावर श्रद्धांजलीचं भजन टाकू?"

हे मी फार जोरात बोलले. नाव न देण्यात माझी नम्रता किती होती आणि धास्ती किती, हे तोवर मी कधी तपासून पाहिलं नव्हतं, आणि आता तपासायला सवड नव्हती. नवऱ्यानं हात धुतले, मोपेड काढली आणि मला दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं. "मी हितंच हाय," एवढंच म्हणाला.

वॉर्डात शिरताच वास आला. कुठल्या खाटेवरून येतोय ते विचारावं लागलं नाही. भला थोरला गडी भिंतीकडे तोंड करून पडलेला, पायाला जाडजूड पट्टी. त्याची बायको खाटेशेजारी फरशीवर डबा घेऊन बसली होती. डबा उघडलेलाच नव्हता. मी तिला हळू आवाजात सांगितलं की तुमच्या नणंदेनं पाठवलंय. ती धडपडत उठली.

"आवं, बगा तर कोन आलंय."

"पाळकाला सांगितलंय, येऊ नका म्हनून," तो भिंतीला म्हणाला.

"मी पाळकाकडून नाही आले," मी म्हणाले. "ते कडीचं गाणं मी रचलंय."

तो वळला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी? मला वाटलं एखादा म्हातारा बुवा आसंल." मग म्हणाला, "म्हना मग. आलाव तर म्हना."

मी इकडेतिकडे बघितलं. पलीकडच्या खाटेवर कपाळभर विभूती लावलेला, चेहऱ्यावरून दुकानदार वाटणारा एक म्हातारा टक्क जागा. आणि समोरच्या खाटेशी उभी असलेली बाई मला बघून चक्क हसली. "बाई, तुमी हितं?" तिची मुलगी माझ्या वर्गात होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि जितक्या हळू म्हणता येईल तितक्या हळू सुरुवात केली.

दार मी लावलं, कडी मी घातली,
कावून रे प्रभू, वाट तू पाहिली?

त्यानं डोळे मिटले. बायकोनं खाटेचा दांडा धरून ठेवला. पहिली कडवी झाली. आणि शेवटचं कडवं जवळ आलं तसं मला दिसलं की आपण काय म्हणणार आहोत. ती ओळ मी कितीतरी घरांत म्हटली होती. तिच्यातला पाय म्हणजे खराखुरा पाय असं कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. मी थांबले.

"थांबलाव कावून?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

ओळ गाळता आली असती. दुसरी काहीतरी जुळवता आली असती. पण बहिणीनं हेच गाणं त्याला म्हणून दाखवलं होतं, ओळ गाळलेली त्याला कळली असती. मी त्याचं नाव घेतलं आणि ओळ म्हटली.

...म्हणे, आता माझ्यानं होईना,
उचलून ने बा, पाय चालेना.

तो ताडकन कोपरावर उठला. "पायाचं गानं म्हनायला आलाव व्हय? आं? कापायच्या आदीच मयतीला आलाव? आन् माझं नाव घालायला कुनी सांगितलं तुमाला? मी म्हनलो का आसं? माझ्यानं होतंय! लई गाड्या हाकल्यात म्या ह्या पायानं, आजून हाकीन!"

वॉर्डातली सगळी तोंडं आमच्याकडे वळली. कुणीतरी म्हणालं, "हे काय चाललंय? कुटल्या देवाचं हाय हे?" ड्युटीवरची सिस्टर तरातरा आली. "बाई, बाहेर व्हा. पेशंटला त्रास होतोय." समोरची माझ्या विद्यार्थिनीची आई आता हसत नव्हती. मी पर्स उचलली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आपण आलो, म्हटलं, त्यानं ऐकलं नाही, झालं.

तेवढ्यात तो विभूतीवाला म्हातारा बोलला, मला नाही, त्याला. "आरं, ऱ्हाऊ दे की बे तिला. चार दिस मढ्यावानी पडला व्हतास. आता तोंड तरी उगडलंस." आणि सिस्टरला म्हणाला, "आमाला कायबी तरास न्हाई. गाऊ द्या."

सिस्टर घुटमळली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मला जायला आता निमित्त उरलं नव्हतं, आणि नको तिथं माझा राग उसळला.

"होतंय ना तुमच्यानं?" मी म्हणाले. "मग ही डबा घेऊन फरशीवर कशाला बसलीय? तुमची बहीण परक्या मुलखात आजाऱ्यांचं करायचं सोडून माझ्यासारख्या अनोळखी बाईला पत्र का लिहितेय? नाही होत म्हणायला लाज वाटते तुम्हाला, दुसरं काही नाही."

बोलले आणि वाटलं, मेले. आता हा डबा फेकून मारणार.

पण त्यानं मला नीट निरखून बघितलं, घाटात समोरून येणारी गाडी निरखावी तसं. "बरं," तो म्हणाला. "तुमाला न्हाई ना लाज वाटत? सगळ्यांच्या नावानं म्हनत फिरता. एकडाव तुमचं नाव घालून म्हना की. मोट्यानं. मग बगू."

सगळे ऐकत होते. माझं नाव त्या भिंतींमध्ये एकदा उच्चारलं की सोमवारी ते शाळेत पोचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी विद्यार्थिनीच्या आईकडे बघितलं नाही. मी त्याच्या पायाच्या पट्टीकडे बघत सुरुवातीपासून म्हणायला लागले, कारण मधूनच उचलून शेवटची ओळ म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. दार मी लावलं. कडी मी घातली. आवाज हलत होता, पण मोठा होता.

आणि मग ती जागा आली. इतकी वर्षं मी ती मोकळी सोडली होती. मला वाटायचं, तिथं माझं नाव घातलं तर ती माझी जाहिरात होईल. मी माझं नाव घेतलं. पुढचे शब्द आले: म्हणे, आता माझ्यानं होईना. आणि माझ्यानं खरंच पुढं म्हणवेना. ती जागा जाहिरातीची नव्हतीच. ती मागणाऱ्याची जागा होती, पदर पसरणाऱ्याची. रोज शाळेच्या फाटकाशी गळ्यातला क्रूस ब्लाऊजच्या आत सारत होते मी, रोज, आणि ते लपवणं आता माझ्यानं होत नव्हतं. हे कुणापुढं कधी बोलले नव्हते, नवऱ्यापुढंसुद्धा नाही, देवापुढंसुद्धा नाही. दुसऱ्यांच्या तोंडी ही ओळ मी किती सहज घालत आले होते! मी त्या अनोळखी माणसांच्या वॉर्डात, खाटेचा दांडा धरून, लहान पोरीसारखी रडले. मग नाक पुसलं आणि उरलेली अर्धी ओळ कशीबशी म्हटली.

समोरची बाई आपल्या खाटेखालचा तांब्या घेऊन आली. "पानी घ्या, बाई," ती म्हणाली, आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली.

तो अजून कोपरावरच होता. त्याचा चेहरा मघासारखा राहिला नव्हता. त्यानं हळूच अंग खाली टाकलं.

"जा," तो बायकोला म्हणाला. "डाक्टरला बोलीव. सही देतो म्हनावं. काय कापायचं ते कापा."

ती नुसती बघत राहिली.

"जा की," तो म्हणाला. ती चप्पल न घालता धावली, आणि दारातली सिस्टरही तिच्यामागं गेली. मग तो माझ्याकडे वळला. "बाई, आता माझं घाला."

मी पुन्हा म्हणायला लागले. विभूतीवाला म्हातारा खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरत होता, जरा पुढंमागं होत होता पण सोडत नव्हता. शेवटच्या कडव्याला मी त्या ड्रायव्हरचं नाव घेतलं. पुढची ओळ त्यानं मला म्हणू दिली नाही. छताकडे बघत ती त्यानं स्वतःच म्हटली, पुरती, पायापर्यंत, आणि त्याचा सूर पार चुकलेला होता.